किल्लारी भूकंप पुनर्वसन
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतरचे मदतकार्य व गावउभारणी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. प्राणहानी मुख्यतः या बांधणीमुळे झाली (पहा : माळवद). जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. इतर गावांत घरमालकांनी शासकीय अनुदानातून आपली घरे स्वतः दुरुस्त व भक्कम केली. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील स्त्रिया येथे संवाद सहायक (गावकरी व शासन यांमधील दुवा) झाल्या. या कार्यक्रमाचे हे सर्वांत मोलाचे अंग. भारतीय जैन संघटनेने बाधित मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. २००१ नंतर येथील स्त्रियांनी गुजरातमधील भूकंपग्रस्तांना मार्गदर्शन केले (पहा : भूज भूकंप).