वर्धा योजनेचा पहिला वर्ग

मराठीत शिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा शाळांचा इतिहास असतो. पहिली शाळा कोणी काढली, अनुदान कोणी दिले, पाठ्यपुस्तक कोणी छापले, या नोंदी सहज सापडतात. घरात झालेले शिक्षण मात्र आत्मचरित्रांच्या पानांत विखुरलेले राहते. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, संस्कृत शिकवले. रमाबाई रानड्यांचे शिक्षण पतीच्या आग्रहाने घरीच सुरू झाले. शाळा नव्हती किंवा शाळेची वाट बंद होती, म्हणून घर शाळा झाले, असा या हकिकतींचा सर्वसाधारण अर्थ आपण लावतो. शाळा उपलब्ध असताना ती नाकारून मुलांना घरी शिकवायचे ठरवणे ही गोष्ट वेगळी आहे. तिथे आईवडिलांपुढे लगेच तीन प्रश्न उभे राहतात. काय शिकवायचे? कोणत्या क्रमाने? आणि शिकवण्याआधी आपण स्वतः काय शिकायचे?

आज हे प्रश्न 'होमस्कूलिंग' या नावाने विचारले जातात आणि त्यामुळे ते नवे वाटतात. वर्धा जिल्ह्यात त्यांचा खल १९३७ सालीच झाला आहे. वर्धा शिक्षण योजना किंवा नयी तालीम आपण शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात एक राष्ट्रीय योजना म्हणून वाचतो. तिच्या मुळाशी एका कुटुंबाने आपल्याच मुलांवर केलेला एक अर्धामुर्धा फसलेला प्रयोग होता, इकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ही योजना त्या घरातल्या उणिवेच्या प्रकाशात वाचली तर तिचे काही तपशील अधिक बोलके होतात, असे मला वाटते.

हे घर होते दक्षिण आफ्रिकेत. जानेवारी १८९७ मध्ये गांधीजी डर्बनला उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर तीन मुले होती : दहा वर्षांचा भाचा, नऊ वर्षांचा हरिलाल आणि पाच वर्षांचा मणिलाल. ही वये त्यांनीच आत्मकथेत दिली आहेत. गोऱ्या मुलांच्या शाळेत त्यांना मेहेरबानी म्हणून प्रवेश मिळाला असता, पण इतर हिंदी मुलांना जे दार बंद होते ते आपल्या मुलांसाठी उघडून घेणे त्यांना मान्य नव्हते. मिशनच्या शाळांतले इंग्रजी माध्यमही त्यांना पसंत नव्हते. मग दरमहा सात पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका ठेवण्यात आली आणि गुजराती शिकवण्याचे काम वडिलांनी आपल्याकडे घेतले. शाळा नाकारण्यामागे नैतिक कारण होते. अभ्यासक्रम मात्र तयार नव्हता. आधी नकार आणि मग शोधाशोध, हा क्रम पुढेही अनेक घरांत दिसतो.

तयारी झाली ती निराळ्याच पुस्तकावरून. डॉ. त्रिभुवनदास यांचे 'माने शिखामण' हे आयांसाठी लिहिलेले गुजराती पुस्तक गांधीजींनी अभ्यासले, आणि १९०० साली धाकट्या देवदासच्या जन्माच्या वेळी ऐनवेळी मदत न मिळाल्याने प्रसूतीही स्वतः पार पाडली. मूल पहिल्या पाच वर्षांत जे शिकते ते पुढे कधी शिकत नाही आणि त्याच्या शिक्षणाचा आरंभ गर्भापासूनच होतो, हा निष्कर्ष त्यांनी या अनुभवातून काढला. गृहशिक्षणाच्या तयारीची सुरुवात मुलाच्या अंकलिपीऐवजी पालकाच्या अभ्यासापासून करणारा हा विचार पुढे सेवाग्रामला पुन्हा भेटेल.

जोहान्सबर्गच्या काळात या घरगुती शाळेचा वर्ग चालता चालता भरे. मुले वडिलांबरोबर कचेरीपर्यंत पायी जात. जाऊन येऊन पाच मैलांची चाल होई आणि त्या वाटेवर गप्पांतून जे शिकवता येईल ते शिकवले जाई. घरात गुजराती बोलायचे की इंग्रजी यावरून मित्र हेन्री पोलक यांच्याशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. लहानपणीच इंग्रजी कानांवर पडले तर मुले पुढे सहज इतरांच्या पुढे जातील, हे पोलक यांचे म्हणणे गांधीजींनी ऐकले नाही. परंतु वाटेवरच्या या वर्गाला शेवटपर्यंत एक खिंडार राहिले. नियमाने रोज किमान एक तास भाषा-वाङ्मयाच्या शिक्षणासाठी देता आला असता तर ते शिक्षण आदर्श ठरले असते, पण तो तास आपल्याला देता आला नाही, अशी कबुली आत्मकथेत आहे. इतर मुलांनी हे समजून घेतले, थोरल्याने मात्र आपली व्यथा खाजगीत आणि जाहीरपणेही बोलून दाखवली, हेही तिथेच नोंदवले आहे. हरिलाल १९११ साली शिकण्यासाठी हिंदुस्थानात परत आला. पितापुत्रांमधला पुढचा दुरावा मराठी प्रेक्षकाला अजित दळवींच्या 'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकामुळे परिचित आहे. त्या दुराव्याची कारणे अनेक होती आणि सगळा भार एका तासावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीही या शिक्षणाविषयीची मुलाची तक्रार पद्धतीपुरती नव्हती. आपल्या वतीने कोणते दरवाजे बंद केले गेले, असे तो विचारत होता.

१९१० मध्ये टॉल्स्टॉय फार्म सुरू झाले तेव्हा घराचा वर्ग मोठा झाला. गुजराती, तमिळ, तेलुगू, उर्दू अशा निरनिराळ्या भाषांची मुले एकत्र आली. सकाळी शेतावरचे काम, सुतारकाम, चपला शिवणे. दुपारी अक्षरांचे वर्ग. कामाने दमलेली मुले दुपारी डुलक्या घेत आणि शिक्षकालाही डोळ्यांवर पाणी मारावे लागे. हस्तव्यवसाय आणि अक्षरज्ञान एकाच दिवसात बसवले, पण दोन्हींचे नाते जुळले नाही, तर अक्षर मागे पडते आणि तेही थकलेल्या तासात ढकलले जाते, हा धडा इथे मिळाला असे म्हणता येईल.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्यात मारवाडी शिक्षण मंडळाच्या विद्यालयात शिक्षण परिषद भरली तेव्हा या चाळीस वर्षांची शिदोरी तिच्या अध्यक्षांपाशी होती. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सैयदैन, तसेच शांतिनिकेतनात काम करून आलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी ही मंडळी तीत होती. २ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या चाळीस दिवसांत, सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी सात वर्षांचा अभ्यासक्रम तयार झाला. त्याचे वेळापत्रक सुप्रसिद्ध आहे. मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटे. शारीरिक शिक्षण १० मिनिटे आणि मधली सुट्टी १० मिनिटे. एकूण साडेपाच तास.

टीकाकारांची नजर पहिल्या आकड्यावर खिळते आणि ते स्वाभाविक आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र मातृभाषेच्या ४० मिनिटांकडे पाहावे. जोहान्सबर्गच्या वाटेवर जो तास कधी ठरलाच नाही त्याला इथे रोजची, नेमकी, कोणाच्या सवडीवर अवलंबून नसलेली जागा मिळाली. त्या जागेत काय घडावे हेही समितीने तपशिलाने सांगितले. मुलाला भोवतालच्या माणसांविषयी आणि घटनांविषयी मोकळेपणाने बोलता यावे. वर्तमानपत्र, मासिक मनात भरभर वाचता यावे. गद्य आणि कविता भावपूर्ण आवाजात वाचता यावी. अनुक्रमणिका, सूची, शब्दकोश वापरता यावा. गावच्या सभेचा वृत्तान्त, घरगुती पत्र आणि व्यवहाराचे पत्र लिहिता यावे. आणि मान्यवर लेखकांची ओळख त्यांच्या लेखनातूनच व्हावी. हात कामात गुंतवणाऱ्या योजनेने शब्दकोश आणि सूची यांची आठवण ठेवावी, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. शब्दकोश उघडता येणारे मूल शिक्षक समोर नसतानाही शिकू शकते. घरी शिकणाऱ्या मुलाला याहून मोठी शिदोरी कोणती देणार?

उरलेला भाग समवायाचा. विषय वेगळे शिकवून कामाला जोडण्याऐवजी कामातूनच विषय उलगडायचा, हा त्याचा आशय. वर्धा हा कापसाचा मुलूख, त्यामुळे सूतकताई हे उदाहरण इथे आपसूक हाताशी होते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. टकळीवर बसलेल्या मुलाने आज किती तार काढले, गुंडीला किती कमी पडले, आठवड्याची सरासरी काय आली, हे विचारले की बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि अपूर्णांक एकापाठोपाठ एक येतात. काळी जमीन, पाऊस, बोंड, सरकी, गिरणी, लँकेशायर असा तोच धागा भूगोलात आणि इतिहासात जातो. पण समवाय आपोआप होत नाही. शिक्षकाला धागाही यावा लागतो, गणितही आणि इतिहासही. पुढे बुनियादी शाळा देशभर निघाल्या तेव्हा पुष्कळ ठिकाणी टकळी राहिली आणि समवाय हरवला, याचे कारण शिक्षकाच्या तयारीत शोधावे लागते. अभ्यासक्रम छापून वाटता येतो, तयारी वाटता येत नाही.

योजनेवर परिषदेतच आक्षेप आले. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी स्वावलंबी शाळेच्या कल्पनेला हरकत घेतली. मुलांच्या श्रमावर शाळा चालली तर ती कारखाना होईल, ही भीती खोटी नव्हती. खेड्यातल्या मुलाच्या हाती टकळी आणि शहरातल्या मुलाच्या हाती इंग्रजी पुस्तक अशी वाटणी झाली तर शिक्षणातली जुनी विषमताच नव्या नावाने टिकेल, ही शंकाही घेतली गेली. नीट पाहिले तर ही हरिलालचीच तक्रार होती, फक्त आता ती एका मुलाऐवजी एका समाजाच्या तोंडून येत होती. तत्त्व मोठ्यांचे आणि किंमत लहानांची, हा पेच घरातला असो वा राष्ट्रीय योजनेतला, सारखाच बोचतो. वर्धा योजनेचे कौतुक करणाऱ्यांनी या आक्षेपाला बगल देऊ नये.

जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेने नयी तालीमची कक्षा वाढवली. सात वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पूर्वबुनियादी, चौदानंतर उत्तरबुनियादी आणि शिवाय प्रौढशिक्षण, असे जन्मभराचे शिक्षण कल्पिले गेले. पूर्वबुनियादीच्या कामात शांताबाई नारुळकर यांचे नाव आदराने घेतले जाते. या टप्प्याचे पोटविभाग असे : गर्भधारणेपासून जन्मापर्यंत, जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत, अडीच ते चार आणि चार ते सात. यांतल्या पहिल्या दोन विभागांत विद्यार्थी कोण? उघडच आईबाप. आहार, स्वच्छता, मुलाशी बोलणे, त्याला घरकामात सामील करून घेणे, हा अभ्यास त्यांनी करायचा. १९०० साली एका घरात वाचलेल्या 'माने शिखामण'चा संस्थात्मक विस्तार तो हाच. 'आईबाप' असा शब्द वापरला तरी प्रत्यक्षात हा भार कोणावर पडतो, हेही ओळखले पाहिजे. शेतमजुरीला जाणाऱ्या बाईपाशी सवड नाही, म्हणूनच सेवाग्रामच्या कामाला बालवाडी लागली. घरच्या शिक्षणालाही कोणाच्या तरी वेळेची किंमत द्यावी लागते.

याच परिसरात घरच्या शिक्षणाचे एक फळलेले उदाहरणही आहे. महादेवभाई देसाईंचा मुलगा नारायण (जन्म १९२४) साबरमती आणि सेवाग्रामच्या आश्रमांत वाढला. त्याने लहानपणीच शाळा सोडली आणि वडील व आश्रमवासी यांच्याकडून तो शिकला. पदवी नसलेल्या या माणसाने पुढे लिहिलेल्या वडिलांच्या गुजराती चरित्राला १९९३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, गांधीजींचे चार खंडांचे चरित्र त्यांनी लिहिले आणि २००७ मध्ये ते गुजरात विद्यापीठाचे कुलपती झाले. हरिलाल आणि नारायण यांची तुलना सावधपणे करावी, कारण दोन स्वभाव आणि दोन काळ वेगळे. पण एक फरक डोळ्यांत भरतो. हरिलालच्या वाट्याला एक अतिव्यग्र बाप आला. नारायणभाईंच्या भोवती भाषा, सूत, संगीत, सेवा जाणणारी पुष्कळ माणसे होती आणि वडील लेखणीचे धनी होते. घर एकाकी असेल तर शाळा होत नाही. त्याला शेजार लागतो.

सेवाग्रामची मूळ शाळा पुढे बंद पडली. तिथे शिकलेल्या डॉ. अभय बंग यांनी 'माझी जादूची शाळा' म्हणून तिचे स्मरण केले आहे. २००५ पासून त्याच परिसरात 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. दरम्यान २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले, आणि कायद्यात गृहशिक्षणाचे नाव नसल्याने ते निवडणारी कुटुंबे मुक्त विद्यालयाच्या परीक्षांचा आधार शोधतात. त्यांच्यापुढे पुस्तकांच्या संचांची आणि तयार अभ्यासक्रमांची वाण नाही.

वर्ध्याचा इतिहास त्यांना एखादा संच सुचवत नाही. तो निवडीच्या आधीचे प्रश्न विचारतो. भोवतालच्या कोणत्या कामातून मुलाचे विषय उलगडतील, आणि ते काम आपल्याला स्वतःला येते का? भाषेसाठी रोजचा ठरलेला वेळ कोण देणार? आपल्याला जे येत नाही ते शिकवणारी माणसे शेजारी आहेत का? आणि मूल मोठे होऊन आपल्या निवडीला हरकत घेईल तेव्हा त्याला परतण्याची वाट राहील का? यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच समितीने दिलेले नाही. ते प्रत्येक घराला आपापल्या मुलाकडूनच ऐकावे लागेल.