रद्द, मन्सूख, निरसन : भोकरदनच्या सीमेवरून एक शब्दविचार

भोकरदनहून बुलढाण्याकडे जाणारा रस्ता धाड गावाशी वऱ्हाडात शिरतो. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची हद्द आहे. परंतु १८५३ च्या तहापासून हैदराबाद संस्थानाच्या अखेरीपर्यंत ती दोन राज्यकारभारांची आणि दोन दफ्तरी भाषांची हद्द होती. पलीकडे वऱ्हाडात इंग्रजी अंमलाखाली कचेरीचा खालचा व्यवहार मराठीत चाले. अलीकडे निजामी मुलखात १८८४ पर्यंत फारसी आणि त्यानंतर उर्दू ही दरबाराची व न्यायालयाची भाषा होती. दोन्ही बाजूंची रयत मात्र एकच मराठी बोलत होती. सरकारने काढलेला हुकूम सरकारनेच परत फिरविला, तर त्या क्रियेला पलीकडचा शेतकरी ‘रद्द’ म्हणे; अलीकडच्याच्या कानी त्याखेरीज ‘मन्सूख’ हाही शब्द पडे. त्यांपैकी पहिला मराठीत कायमचा राहिला, दुसरा राज्याबरोबर गेला. असे का झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत या अर्थक्षेत्रातील जे क्रियापद ठळकपणे भेटते ते ‘लोपणे’ होय. शिलाहार राजा अपरादित्य याच्या शके ११०९ (इ.स. ११८७) च्या परळ येथील लेखात ‘शासन’ लोपणाऱ्यास शाप दिलेला आहे, गद्धेगाळाच्या शिळा तर महाराष्ट्रभर विखुरलेल्या आहेत. येथे ‘शासन’ म्हणजे दानपत्र. ते चंद्रसूर्य असेतो टिकावयाचे, म्हणून ते मोडणे हा अधिकार नव्हे, पातक. कायदेशीररीत्या मागे घेतलेल्या आज्ञेला या लेखांत जागा नाही, कारण तशी कल्पनाच दानाच्या स्वरूपाशी विसंगत आहे. (ज्या शब्दाचा अर्थ त्या वेळी ‘दानपत्र’ होता, तोच आज सरकारवाचक व्हावा, हा अर्थबदल स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

पुढे मराठेशाहीच्या इनामपत्रांत ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे’ हे ठरलेले वाक्य येते. वरवर ते अंमलदारास दिलेली ताकीद आहे; परंतु ते लिहावे लागले यावरूनच भोगवटा दरवर्षी धोक्यात येऊ शकत होता, हे उघड होते. या काळापावेतो फारसी-अरबी शब्दांनी मराठी दफ्तरात घर केले होते. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या राज्यव्यवहारकोशाने शिवकाळात त्यांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा उद्योग केला खरा. पण दहा वर्गांच्या त्या कोशाचा भर मुख्यतः नामांवर, म्हणजे अधिकारी, शस्त्रे, दुर्ग, जिन्नस यांवर आहे. कारभाराच्या क्रिया दाखविणारे शब्द अशा कोशांना सहसा दाद देत नाहीत. पदाधिकाऱ्याचे नाव आज्ञेने बदलते; कारकुनाच्या हाताची सवय तशी बदलत नाही.

‘रद्द’ हा अरबी शब्द मुळात ‘परत फिरविणे, नाकारणे’ या अर्थाचा. रद्द झालेला हुकूम जणू धाडणाऱ्याकडे माघारी जातो. त्याच कुळातील ‘रद्दी’ आपण वजनावर विकतो. अरबीतील ‘बातिल’ म्हणजे खोटे, पोकळ. तो जोडून ‘रद्दबातल’ झाला. हे शब्द वाणी, सावकार, पाटील सर्वांच्या उपयोगाचे होते. करार, बेत, गाडी, लग्न, काहीही रद्द होऊ शकते. ‘मन्सूख’ तसा नव्हे. तो ‘नस्ख’ या धातूपासून आला आहे, आणि या धातूला ‘नक्कल करणे’ व ‘एका वचनाने दुसरे बाजूला सारणे’ असे दोन अर्थ आहेत; ‘नुस्खा’ हा त्याच घरचा. इस्लामी शास्त्रविचारात नंतरचे वचन पूर्वीच्या वचनास मन्सूख करते. म्हणजे जागा रिकामी होत नाही, तेथे नवे येते. हा सूक्ष्म अर्थ विधिज्ञास मोलाचा होता, पण बाजारास त्याची गरज नव्हती. जो शब्द कचेरीच्या उंबऱ्याबाहेर पडला नाही, तो कचेरी बदलताच संपला.

निजामी अमदानीत रयतेच्या जिवाशी ज्या हुकुमाची गाठ पडली तो ‘गश्ती निशान ५३’. ‘गश्ती’ म्हणजे परिपत्रक, ‘निशान’ म्हणजे क्रमांक; मराठी कानाला मात्र त्यात ध्वज दिसे. सार्वजनिक सभांना पूर्वपरवानगीची सक्ती करणारी ही १९२९ च्या सुमाराची गश्ती. ती सरकारने मागे घ्यावी ही त्या काळच्या चळवळीची मागणी होती. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली. ही बंदी १९४६ मध्ये गेली, तेव्हा मराठीत ती ‘उठली’. जप्ती उठते, पहारा उठतो, तशी बंदीही. ‘उठविणे’ या क्रियेत सरकार आपला हात काढून घेते, पण तो ठेवणे चुकीचे होते असे म्हणत नाही. सत्याग्रह्यांनी केला तो ‘कायदेभंग’. आणि कितीही वेळा मोडला तरी कायदा रद्द होत नाही, हे त्यांना तुरुंगात कळतच होते.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी नष्ट करणारा विनियम आला. लोकांच्या तोंडी शब्द होता ‘खालसा’. जहागिरदार गेला, सारा गेला नाही, तो सरकारात भरावयाचा झाला. येथे शब्दांचा प्रश्न पोटाचा होतो. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य संपले, परंतु त्याचे कायदे त्याबरोबर संपले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि १३१७ फसलीचा हैदराबादचा जमीन महसूल कायदा निरसित झाला. १९५० चा हैदराबादचा कुळवहिवाटीचा कायदा मात्र त्या निरसनात आला नाही; मराठवाड्यात तो आजही लागू आहे. ‘निजामाचे गेले, म्हणजे सगळे गेले’ अशी समजूत करून घेणाऱ्या कुळाने आपला हक्क स्वतःच सोडून दिला असता.

‘निरसन’ हा संस्कृत शब्द ‘दूर फेकणे’ या अर्थाचा. शंकेचे निरसन पूर्वीपासून होत असे. कायद्याचे निरसन हा त्याचा नवा अर्थ. पण कायद्यात तो ‘व्यावृत्ति’ या शब्दाच्या सोबतीने येतो. फेकताना काय राखले, हे ती सांगते : आधी मिळालेले हक्क, आधी जडलेली देणी, आधी सुरू झालेले खटले. ‘रद्द’ला अशी सोबत नाही. म्हणूनच वृत्तपत्री मराठीत दोन भिन्न घटना एक होऊन जातात. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी घटनाबाह्य ठरविला. तो ‘रद्द’ झाला असे छापले गेले. त्याच वर्षी तीन कृषी कायद्यांना जानेवारीत न्यायालयाची ‘स्थगिती’ मिळाली, आंदोलकांची मागणी ‘रद्द करा’ अशी होती, १९ नोव्हेंबरची घोषणा ‘मागे घेत आहोत’ अशी झाली, आणि २९ नोव्हेंबरला संसदेने केले ते ‘निरसन’. मागणाऱ्याला ‘रद्द’ हवे होते, कारण त्या शब्दात कायदा चूक होता हा अर्थ आहे. देणाऱ्याने ‘मागे घेणे’ पसंत केले, कारण त्यात तो नाही.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता आली आणि १८६० ची भारतीय दंड संहिता निरसित झाली. तथापि त्या दिवसापूर्वी घडलेल्या गुन्ह्याचा खटला भोकरदनच्या न्यायालयात असो वा बुलढाण्याच्या, तो जुन्या कलमांनीच चालतो.