सात शिलिंगांचे जेवण

नोकरीच्या निमित्ताने चेन्नईस आल्यापासून रविवारी सकाळी पायी हिंडण्याची मला सवय जडली आहे. एग्मोरच्या रेल्वे स्थानकाजवळ सेंट अँड्र्यूज नावाचे एक पांढरेशुभ्र चर्च आहे. ते १८२१ साली उपासनेसाठी खुले झाले. खालची जमीन भुसभुशीत, म्हणून विहिरी उतरवून त्यांच्यावर पाया उचलला आहे. बांधणाऱ्यांनी नमुना पुढे ठेवला तो लंडनच्या ट्रॅफल्गार चौकाच्या कडेस असलेल्या सेंट मार्टिन्स चर्चचा. तिकडे जॉर्ज टाऊनच्या गजबजाटात पच्चय्यप्पा सभागृह आहे. त्याचे खांब अथेन्समधील थीसिअसचे म्हणून ओळखल्या गेलेल्या देवळावरून घेतले आहेत. विद्यार्थिदशेत इतिहासाची पुस्तके वाचताना युरोप पाहावा असे फार वाटे. पण घरची स्थिती बेताची, शिष्यवृत्ती मिळाली नाही, आणि पुढे नोकरी लागली. तेव्हा लंडन आणि अथेन्स या दोन्ही नगरांची तहान मी या शहरात ताकावर भागवतो, असे म्हणावयास हरकत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, माझा पुतण्या सध्या पॅरिसमध्ये शिकत आहे. परवा त्याचे पत्र आले. शहर त्याने पायी पालथे घातले आहे. पण आयफेल मनोऱ्यावर मात्र तो अद्याप चढलेला नाही. तिकिटाच्या पैशांत दोन दिवसांचे जेवण होते, आणि घरून पैसे मागवायचे म्हणजे बाबांच्या भविष्य निर्वाह निधीला हात लावायचा. "काका, खालून पाहिला तर पाहिल्यासारखे होणार नाही का?" असे त्याने विचारले आहे. प्रश्न साधा, पण मला चटकन उत्तर सुचेना. मग एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली.

हा विद्यार्थी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोटीने निघाला. वडील वारलेले, खर्चाचा भार थोरल्या भावावर. समुद्र ओलांडतो म्हणून जातीने त्याला वाळीत टाकले, आणि त्याला मदत करील किंवा निरोप द्यावयास जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरविला. मांस, मद्य आणि परस्त्री यांना शिवणार नाही, अशी आईपाशी घेतलेली शपथ ही त्याची शिदोरी. मोहनदास गांधी लंडनला उतरले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होत होते. पहिल्याच मुक्कामात व्हिक्टोरिया हॉटेलचे बिल तीन पौंड झाले. अन्न तर बहुतेक खाल्लेच नव्हते. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवला, आणि पैसे मात्र दोहोंचे पडले!

लंडन त्यांना कोणी दाखविले असेल, तर ते भुकेने. घरमालकिणीच्या उकडलेल्या भाज्यांनी पोट भरेना, म्हणून शाकाहारी खाणावळ शोधत ते रोज दहाबारा मैल भटकत. स्वस्तशा उपाहारगृहात शिरून पोटभर पाव खावा आणि पुन्हा चालू लागावे. असे हिंडता हिंडता एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर ती खाणावळ सापडली. राजवाडे आणि संग्रहालये पाहावयास निघालेल्या प्रवाशाला शहराची जी ओळख होत नाही, ती अन्न शोधणाऱ्यास होते.

पुढे बाँड स्ट्रीटचा पोशाख, नृत्याचे आणि व्हायोलिनचे धडे असा सभ्य गृहस्थ होण्याचा खटाटोप काही काळ झाला. तो ओसरल्यावर त्यांनी खर्च निम्म्यावर आणण्याचे ठरविले. दिडकीदिडकीचा हिशेब लिहून ठेवण्याची सवय होतीच. बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्र, सारे रोजच्या रोज टिपले जाई. कुटुंबात राहणे सोडून त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या, आणि त्याही अशा ठिकाणी की कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी पोचता यावे. त्यामुळे भाडे वाचले आणि दिवसाकाठी आठदहा मैलांची रपेटही होऊ लागली. त्याच सुमारास गरीब वस्तीत आठवड्याला दोन शिलिंगांच्या खोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याची हकीकत त्यांच्या कानी आली. मग दोन खोल्यांची एक झाली, सकाळी ओटची लापशी आणि कोको घरीच शिजू लागले, आणि रोजचा आहार एक शिलिंग तीन पेन्सांत बसला. आम्हां सरकारी नोकरांना काटकसरीची परिपत्रके वर्षानुवर्षे येतात. त्यांपैकी एकातही इतका नेमका तपशील मी वाचलेला नाही.

आता पॅरिसची गोष्ट. आत्मकथेत या सफरीचे साल १८९० असे पडले आहे, परंतु आयफेल मनोरा ज्यासाठी उभारला ते प्रदर्शन ६ मे ते ३१ ऑक्टोबर १८८९ या काळात भरले होते. पस्तीस वर्षांनी आठवून लिहिताना वर्षाची गफलत होणे स्वाभाविक आहे. इतर तपशील मात्र जिवंत आहेत. पॅरिसमध्ये एक शाकाहारी खाणावळ होती. तेथेच खोली घेऊन ते सात दिवस राहिले. हाताशी शहराचा नकाशा आणि प्रदर्शनाची मार्गदर्शिका. त्यांच्या आधाराने बहुतेक सारे त्यांनी पायीच पाहिले. प्रदर्शनाची भव्यता आणि विविधता यांपलीकडे काही लक्षात राहिले नाही, असे ते प्रांजळपणे लिहितात. लक्षात राहिली ती जुनी चर्चे. नोत्र-दामची रचना, आतील शिल्पे आणि मेरीच्या मूर्तीपुढे गुडघे टेकलेली माणसे पाहून, हे लोक दगडाची नव्हे तर दगडात प्रतीत होणाऱ्या देवत्वाची पूजा करतात, असे त्यांना वाटले. त्या चर्चमध्ये जाण्यास पैसे पडत नसत, हेही ध्यानात घ्यावयास हवे. २०१९ च्या एप्रिलमध्ये नोत्र-दामचे छप्पर आगीत भस्मसात झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. माझा पुतण्या तेथे तीन वेळा जाऊन आला आहे.

आणि मनोरा? तीनशे मीटर उंचीचा तो लोखंडी सांगाडा त्या काळी जगातील सर्वांत उंच बांधकाम होता. गांधी त्यावर दोनतीनदा चढले. पहिल्या मजल्यावर एक उपाहारगृह होते. इतक्या उंचीवर जेवलो, असे सांगता यावे एवढ्याच समाधानासाठी त्यांनी तेथे सात शिलिंग उडविले! उडविले हाच त्यांचा भाव आहे. त्या वर्षी थेट माथ्यापर्यंत जाण्याचे तिकीट पाच फ्रँक होते. पौंडाला सुमारे पंचवीस फ्रँक धरले तर ते चार शिलिंग होते. म्हणजे जेवण तिकिटाच्या पाउणेदोनपट महाग पडले. एक शिलिंग तीन पेन्सांच्या हिशेबाने पाहिले तर एका भोजनात साडेपाच दिवसांचा आहार गेला. ज्याने तिकिटाची दिडकीही लिहून ठेवली, त्याला ही रक्कम आयुष्यभर सलली असल्यास नवल नाही. टॉल्स्टॉयने या मनोऱ्यास मानवी मूर्खपणाचे स्मारक म्हटल्याचे सांगून गांधी त्यास दुजोरा देतात. त्यात कला नाही, ते प्रदर्शनातील एक खेळणे, असा त्यांचा निवाडा. पण हा निवाडा पन्नाशीनंतरचा आहे. विशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा दोनतीनदा वर गेला होता, हेही त्याच पानावर आहे आणि त्यांनी ते लपविलेले नाही. आत्मकथेतील हे पान मला म्हणूनच अधिक प्रिय आहे.

हेच गांधी ऑक्टोबर १८९६ मध्ये मद्रासेस आले, तेव्हा ते बॅरिस्टर होते आणि दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची कैफियत मांडत होते. आदल्या वर्षीच या शहरात विजेची ट्राम धावू लागली होती. लंडनला ती १९०१ साली मिळाली. २६ ऑक्टोबर रोजी त्याच ग्रीक खांबांच्या पच्चय्यप्पा सभागृहात त्यांचे व्याख्यान झाले. त्यांच्या पुस्तिकेच्या दहा हजार प्रतींची दुसरी आवृत्ती येथे निघाली. ती झपाट्याने खपली, पण इतक्या छापण्याची गरज नव्हती, असा शेरा मारण्यास ते विसरले नाहीत. 'मद्रास स्टँडर्ड'चे संपादक जी. परमेश्वरन पिळ्ळै यांनी आपल्या पत्राचे स्तंभ त्यांच्यासाठी मोकळे केले. योगायोग असा की, पुढच्याच वर्षी याच पिळ्ळैंचे लंडन आणि पॅरिस या नगरांचे भारतीय चष्म्यातून घडविलेले दर्शन मद्रासेत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. गांधींनीही त्याआधी प्रिटोरियात असताना लंडनला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली होती; आठवड्याला एका पौंडात कसे राहावे, हे तीत तपशिलाने दिले होते. ती मात्र त्यांच्या हयातीत छापली गेली नाही.

गेल्या रविवारी पच्चय्यप्पा सभागृहावरून परत येताना पुतण्याला काय लिहावे, याचाच विचार चालला होता. घरी येऊन पत्र लिहिले. वर जा, असे लिहिले. उद्वाहनाने न जाता जिन्याने गेल्यास तिकीट स्वस्त पडते आणि सहाशे चौऱ्याहत्तर पायऱ्या चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचता येते. तुझ्या वयाला ते जड नाही. पैसे मी पाठवतो आहे, बाबांना सांगू नकोस. मात्र जेवण खाली उतरूनच कर.