गढूळ प्रवाह (सागरतळावरील)

वाळू, माती आणि चिखल मिसळून जड झालेले पाणी स्वच्छ पाण्याखाली दबते आणि समुद्रतळाच्या उतारावरून धावत सुटते. घुसळणीमुळे गाळ तरंगता राहतो आणि तरंगत्या गाळाच्या भारामुळे प्रवाह पुढे सरकतो. वाटेत तळ खरवडला गेला की भार वाढतो, बहुधा वेगही. उतार सरला की आधी जाड वाळू बसते, बारीक चिखल सर्वांत शेवटी. अशा थराला टर्बिडाइट म्हणतात. डच भूवैज्ञानिक आर्नोल्ड बौमा यांनी १९६२ मध्ये त्याचे पाच भाग सांगितले. एकाच ठिकाणी पाचही क्वचितच मिळतात.

केबलींचा पुरावा : १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस ग्रँड बँक्स येथे ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राजवळच्या तारायंत्राच्या केबली लगेच तुटल्या. अधिक खोलातल्या मात्र, भूकंपाने सुटलेला गढूळ प्रवाह पोहोचेल तसतशा, उताराच्या क्रमाने, एकामागून एक, पुढचे तेरा तास तुटत राहिल्या. तार कधी बंद पडली याची वेळ दप्तरी अचूक नोंदलेली होती. खोल समुद्रातल्या या शर्यतीचे घड्याळ असे नकळत कारकुनांच्या हाती आले. १९५२ मध्ये ब्रूस हीझेन आणि मॉरिस यूइंग यांनी त्याच नोंदींवरून वेग काढला. ताशी सुमारे १०० किमी हा त्यांचा आकडा पुढे बराच खाली आणला गेला. क्रमाचा पुरावा मात्र टिकला.

जानेवारी २०२० मध्ये काँगो नदीच्या मुखापासून निघालेला प्रवाह सागरी घळीतून १,१०० किमीहून अधिक दूर गेला. त्याचा वेग वाटेत ओसरण्याऐवजी सेकंदाला सुमारे ५ मीटरवरून ८ मीटरपर्यंत वाढला. त्यात पश्चिम आफ्रिकेच्या इंटरनेट केबली तुटल्या.

घळी : या प्रवाहांनीच सागरी घळी कोरल्या, अशी कल्पना रेजिनल्ड डेली यांनी १९३६ मध्ये मांडली. प्रवाहांचा वाटा आज मान्य आहे. तो किती, हे घळीगणिक बदलते.

पंखे : घळीच्या तोंडाशी गाळ पंख्यासारखा पसरतो. हिमालयाच्या झिजेतून घडलेला बंगालच्या उपसागरातील पंखा सुमारे ३,००० किमी लांब असून जगात सर्वांत मोठा आहे. अरबी समुद्रातील सिंधूच्या पंख्यात २०१५ मध्ये खोल छिद्रे घेण्यात आली. ती मोहीम मुंबई बंदरात संपली.

सरोवरे : असे प्रवाह सरोवरांतही वाहतात; जिनिव्हा सरोवरात फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांची निरीक्षणे केली.

आर्थिक महत्त्व : कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल समुद्रातले काही वायुसाठे अशाच प्रवाहांनी आणलेल्या वाळूत आहेत.