आधी निविदा, मग आराखडा

कल्याणला नगरपालिका आली १८५५ साली, ठाण्याला १८६३ साली. दोन्हींच्या मुळाशी १८५०चा सव्विसावा कायदा होता. त्याने गावाच्या हाती नेमके काय दिले, हे त्यातली कामांची जंत्री पाहिली की कळते: रस्ते, गटारे, तलाव यांची बांधणी आणि डागडुजी, झाडलोट, दिवाबत्ती, उपद्रवाला आळा. या कामांसाठी कर बसवण्याची मुभा मिळाली. गाव कोणत्या बाजूने वाढावे, कुठली जमीन मोकळी राखावी, याबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हते. ते स्वाभाविकही म्हणता येईल. १९०१च्या जनगणनेत ठाण्याची वस्ती सोळा हजार होती, कल्याणची अकरा हजारांच्या आत. एवढ्याशा गावाला आराखडा कशाला? दिवे लावणारे, नाले उपसणारे, खडी पुरवणारे हात हवे होते, आणि ते रोजंदारीने किंवा ठेक्याने मिळत. पण या क्रमाचे परिणाम दूरवर गेले. खर्च करण्याचा अधिकार आधी आला आणि शहराचा एकत्रित विचार करण्याची सक्ती त्यानंतर शंभर वर्षांनी. मधल्या काळात ठेका हीच पालिकेची विचार करण्याची पद्धत होऊन बसली. पुढे आराखडे आले, महापालिका आल्या, संगणक आले, तरी ती सवय सुटली नाही, असे माझे म्हणणे आहे.

मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली झाला. पण संपूर्ण पालिका हद्दीचा विकास आराखडा करणे १९५४च्या कायद्यानेच बंधनकारक केले, आणि आज लागू असलेला प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६चा. तोवर ठाणे-कल्याण पट्ट्याचे खरे नियोजन इतरांनी उरकायला घेतले होते. रेल्वेने १८५३ साली ठाणे आणि १८५४ साली कल्याण मुंबईला जोडून वस्तीची दिशा ठरवली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित आले आणि उल्हासनगर उभे राहिले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून सुरू झाला. पाठोपाठ डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आली, आणि तिथे नियोजनाचा अधिकार महामंडळाकडेच राहिला. १९७५ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवरची २७ गावे तर १९८३ साली महापालिकेत घातली, २००२ साली वगळली, २०१५ साली पुन्हा घातली. २०२० साली त्यांतली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. ज्या पालिकेला आपली हद्द कुठवर, हेच पुढच्या दशकापुरते ठाऊक नसते, तिने वीस वर्षांचा आराखडा कोणत्या बळावर करायचा? तिच्या हाती खात्रीने उरते ती चालू वर्षाच्या कामांची यादी.

ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ला आणि कल्याण-डोंबिवली १ ऑक्टोबर १९८३ला झाली. दोन्हींना १९४९चा प्रांतिक महानगरपालिका कायदा लागू झाला. ठरावीक रकमेवरचा करार आयुक्ताला स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, ही त्यातली कळीची तरतूद. समितीत सोळा सदस्य, त्यांतले आठ दरवर्षी निवृत्त. शहराचा आराखडा वीस वर्षांचा आणि तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती ते दोन वर्षांचे पाहुणे, अशी ही रचना आहे. आराखड्यावर टाकलेल्या उद्यानाच्या आरक्षणाचे श्रेय कोणत्याही नगरसेवकाच्या पदरात त्याच्या मुदतीत पडत नाही. पायवाटेच्या लाद्या, गटारावरची झाकणे, समाजमंदिराचे पत्रे यांचे पडते. जागा ताब्यात घ्यायला अंदाजपत्रकात पैसा नसतो, दहा वर्षे उलटली की मालक नोटीस देतो आणि आरक्षण व्यपगत होण्याच्या मार्गाला लागते. तेवढ्या काळात त्याच प्रभागातला तोच रस्ता कितीदा उकरला जातो, हे प्रत्येक ठाणेकराला नि डोंबिवलीकराला ठाऊक आहे.

यावर पहिला आक्षेप असा की दोष रचनेचा नाही, माणसांचा आहे. ठाण्यात या आक्षेपाला मोठा पुरावाही आहे. नव्वदच्या दशकात शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनीच महापालिकेच्या ठेक्यांत ४१ टक्के रक्कम वाटली जात असल्याचा जाहीर आरोप केला आणि शासनाला चौकशीसाठी नंदलाल समिती नेमावी लागली. ज्या पक्षाची सत्ता त्याच पक्षाच्या नेत्याने हे म्हणावे, ही राज्याच्या राजकारणात दुर्मीळच गोष्ट. पण आरोपाचा रोख नीट पाहा. रक्कम कोणी खाल्ली, किती खाल्ली, यावर सगळी चर्चा झाली. उरलेल्या पैशातून झालेले काम शहराला हवे होते का, हे कुणी विचारले नाही. टक्केवारी शून्यावर आणली तरी नको त्या जागी बांधलेले समाजमंदिर नको त्याच जागी राहते. माणसे बदलून प्रामाणिकपणा येईल, प्राधान्यक्रम येणार नाही.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. या बाबतीत कल्याण-डोंबिवलीला मान द्यायलाच हवा: २००२च्या सुमारास आयुक्त श्रीकांत सिंह यांच्या काळात तिथे पालिकेचा कारभार संगणकावर आला, नागरी सुविधा केंद्र उभे राहिले आणि राज्याने इतर पालिकांपुढे तोच नमुना ठेवला. नंतर राज्यभर ई-निविदा सक्तीची झाली. पेटीत निविदा टाकू न देणे, दारात माणसे उभी करणे, हे जुने प्रकार त्यामुळे अवघड झाले. हा लाभ किरकोळ नाही. पण ई-निविदेमुळे स्पर्धा कशी व्हावी, एवढेच ठरते. कशासाठी व्हावी, हे ती सांगत नाही. शिवाय कामाचे तुकडे पाडून ई-निविदेच्या मर्यादेखाली ठेवणे, जुन्याच ठेकेदाराला मुदतवाढ देणे, तातडी दाखवून महापालिका कायद्यातले तातडीच्या कामांचे कलम ६७(३)(क) वापरणे या वाटा उरतातच. नियोजन उशिरा झाले की तातडी खरीही असते. पाऊस तोंडावर आल्यावर नालेसफाईचा ठेका मंजुरीला येतो, तेव्हा नकार कोण देणार?

आराखडा आणि निविदा एकमेकांना न भेटता चालल्या की काय होते, याचे सगळ्यांत स्वच्छ उदाहरण कचऱ्याचे आहे. केंद्राच्या २००० सालच्या नियमांनी शास्त्रीय विल्हेवाटीला २००३ अखेरची मुदत दिली होती. कल्याणचा कचरा त्यानंतरही वर्षानुवर्षे खाडीलगतच्या आधारवाडीत पडत राहिला. एका खात्यात इमारतींना परवानग्या मिळत होत्या, कारण त्यांतून विकास शुल्क येते; दुसऱ्या खात्यात प्रक्रिया प्रकल्पाच्या निविदा रेंगाळत होत्या, कारण त्यांत पैसा जातो. नव्या घरांचा कचरा कुठे जाणार, हा प्रश्न कोणत्याच फायलीत नव्हता. शेवटी २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो विचारला आणि नव्या बांधकाम परवानग्यांवरच बंदी घातली. ती जवळपास वर्षभर टिकली. आधारवाडीत कचरा टाकणे मे २०२१मध्ये थांबले. नियमांतली मुदत उलटून तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

मग लोकप्रतिनिधी बाजूला ठेवून अधिकाऱ्यांच्याच हाती कारभार द्यावा, असे सुशिक्षित वर्गात बोलले जाते आणि दाखला ठाण्याचे तेव्हाचे आयुक्त टी. चंद्रशेखर यांचा दिला जातो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ठाण्यातले रस्ते रुंद केले, हे खरेच. पण त्यांच्यामागे कायद्याने दिलेले रस्तारेषा आखण्याचे अधिकार होते. आधी रेषा, मग पाडकाम, मग रस्त्याचा ठेका, असा क्रम त्यांनी लावला. यश त्या क्रमाचे आहे. निव्वळ प्रशासक असून भागत असते, तर कल्याण-डोंबिवली आदर्श शहर व्हायला हवे होते: १९८३ ते १९९५ तिथे निवडून आलेले सभागृहच नव्हते, आणि नोव्हेंबर २०२०नंतर पुन्हा अनेक वर्षे नव्हते. बेकायदा बांधकामांची चौकशी करणाऱ्या न्या. अग्यार समितीला तिथे ६७ हजारांहून अधिक बेकायदा बांधकामे आढळली. त्यांत प्रशासकांच्या वर्षांचाही वाटा आहे. २०१६ साली दोन्ही शहरे स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली तेव्हा तर वेगळ्या कंपन्याच स्थापून त्यांच्यामार्फत ठेके देण्यात आले. स्थायी समितीचा फेरा चुकला, पण तिथेही प्रकल्पांची यादी आधी आणि शहराचा हिशेब मागाहून, हेच झाले.

एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. मुंबईच्या दाराशी असलेल्या शहरांना आपली वाढ स्वतः ठरवता येत नाही. सोळा हजारांचे ठाणे २०११ साली अठरा लाखांवर गेले, ते पालिकेच्या इच्छेने नव्हे. पण वाढ हातात नसली तरी कामांचा क्रम हातात असतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००९ साली राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद केली: प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसून कामे सुचवायची, त्यांचा अग्रक्रम लावायचा. ही तरतूद दोन्ही शहरांत कागदावरच आहे. अंदाजपत्रक दर वर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते. त्याच्या दोन महिने आधी आपल्या नगरसेवकाकडे क्षेत्रसभेची लेखी मागणी करा, आणि सभेत विकास आराखड्याचा आपल्या प्रभागापुरता नकाशा भिंतीवर लावायला सांगा.