'टेनिस एल्बो' : एका व्याधीच्या नावाचा इतिहास

कोपराच्या बाहेरील उंचवट्याजवळ होणाऱ्या वेदनेस 'टेनिस एल्बो' हे नाव रूढ झाले आहे. परंतु या दुखण्याने त्रस्त असलेल्या बहुसंख्य व्यक्तींनी टेनिसची रॅकेट कधी हाती धरलेली नसते. हे नाव कसे पडले आणि त्यामुळे काय झाकले गेले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या व्याधीच्या पहिल्या वैद्यकीय वर्णनाचे श्रेय सामान्यतः रुंगे या जर्मन वैद्यास दिले जाते. १८७३ मधील त्याच्या लेखाचा विषय होता सतत लिहिणाऱ्यांच्या हातात येणारा पेटका. खेळाचा तेथे संबंध नव्हता. पुढच्याच वर्षी मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले, १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली आणि सुखवस्तू वर्गाच्या हिरवळींवर हा खेळ झपाट्याने पसरला. १८८२ मध्ये हेन्री मॉरिस यांनी 'लॅन्सेट'मध्ये लॉन टेनिसमुळे दुखावणाऱ्या हाताचा उल्लेख केला. १८८३ मध्ये 'लॉन टेनिस एल्बो' हा शब्दप्रयोग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. अवघ्या दहा वर्षांत लेखणीचे दुखणे रॅकेटचे झाले. शुल्क देऊन वैद्याकडे जाणारा वर्ग कोणता होता, हे लक्षात घेतल्यास यात नवल वाटू नये. कोपराच्या आतील बाजूच्या दुखण्यासही पुढे 'गोल्फर्स एल्बो' असेच खेळाचे नाव मिळाले.

नावाइतकीच कारणाविषयीची कल्पनाही चिवट ठरली. हा स्नायुबंधाचा दाह आहे, असे दीर्घकाळ मानले गेले. १९७९ मध्ये निर्शल व पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत आढळलेल्या ऊतींच्या आधारे निराळे चित्र मांडले : मनगट मागे वळविणाऱ्या एका स्नायूच्या मुळाशी दाहापेक्षा झीज आणि अपुरी भरपाईच अधिक होती. तरीही स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा मोह सुटला नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील १९८ रुग्णांच्या चाचणीत इंजेक्शन घेणाऱ्यांना सहा आठवड्यांत सर्वाधिक आराम पडला, पण त्यांपैकी ७२ टक्के रुग्णांचे दुखणे उलटले. वर्षअखेरीस व्यायामोपचार घेणारे आणि केवळ सल्ला घेऊन वाट पाहणारे जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले होते.

महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी पोहोचला तो सचिन तेंडुलकर यांच्यामुळे. २००४ मध्ये त्यांचे कोपर दुखावले, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून ते परतले. या प्रसिद्धीने एक गैरसमज मात्र दृढ केला. उत्तरपत्रिका तपासून कोपराला पट्टा बांधलेल्या प्राध्यापकास शिक्षककक्षात हमखास विचारले जाते, "सर, टेनिस कधीपासून?" त्यात थट्टा असते, परंतु कपडे पिळणारी गृहिणी, थापी धरणारा गवंडी, कात्री चालविणारा शिंपी यांना आपले दुखणे कामातून आले आहे, हे सांगण्यास शब्दच उरत नाही.

उपचारांचा विचार करताही हा भेद महत्त्वाचा आहे. वजन उचलताना तळवा वरच्या बाजूस ठेवणे, पकड सैल करणे, वेदना सहन होईल इतपत भार हळूहळू वाढवीत पुढील हाताचे स्नायू बळकट करणे, हे उपाय साधे आहेत. मात्र त्यांस अनेक महिने लागतात. तेंडुलकरांना शस्त्रक्रियेनंतर सुमारे पाच महिने मिळाले. रोजंदारीवरील गवंड्याला ते कोण देणार, हा प्रश्न रुंगेच्या काळातील कारकुनापुढेही असणार.