बिनगिअरची डोंगरवाट

डोंगरवाटेची सायकल म्हटलं की आपल्याला २१ गिअर आठवतात. पण तिचे पूर्वज बिनगिअरचेच. १९७६ साली कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळच्या कच्च्या उतारावर काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन शर्यत लावू लागले. ब्रेक मागच्या हबमध्येच; उतरताना तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि नवं भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. गिअर हवे झाले ते पुन्हा वर चढण्यासाठी.

आपली काळी सायकलही तशीच दणकट. खारेपाटणला काकांची अशीच एक भंगारात निघाली होती, ती मी मागून घेतली. चेनकव्हर, कॅरियर, मडगार्ड उतरवले. पुढे ४४ दाते तसेच ठेवून मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढलं, २२ चं बसवलं. चेन थोडी वाढवावी लागली. आता पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाचऐवजी साडेचार मीटरच जाते. सपाटीवर वेग गेला, पण सड्याकडची जांभ्याची चढण न उतरता चढते. गिअर एकच, पण इथल्या वाटेला बेतलेला.

काकांना मात्र त्याचं कौतुक नाही. म्हणाले, "चढ इलो काय आमी उतरान ढकलू. तोच आमचो दुसरो गिअर!"